ट्रेलरमधले पिवळे बल्ब: ठेवावेत, बदलावेत की अख्खा दिवाच नवा घ्यावा?

गाडीमागे ओढायच्या आमच्या कॅम्पिंग ट्रेलरमधल्या जेवणाच्या टेबलावरच्या दिव्याचं प्लास्टिकचं झाकण काढलं, की आतल्या बाजूला दोन तपकिरी डाग दिसतात. बरोबर बल्बच्या आकाराचे. शर्टावर इस्त्री विसरल्यावर उमटतो तसे. ट्रेलर २००८ चा, २४ फुटी, आमच्याकडे आला तेव्हा दोन घरं फिरून आलेला. आधीच्या मालकांनी संध्याकाळी पत्ते खेळताना हाच दिवा लावला असणार, कारण बाकीच्या दिव्यांची झाकणं बऱ्यापैकी पांढरी आहेत. स्वयंपाकाच्या ओट्यावरचं थोडं पिवळं, बाथरूममधलं जवळजवळ कोरं.

मला पुढे जे काही सांगायचं आहे ते या झाकणांवर आधीच लिहिलेलं होतं, फक्त मला वाचायला दोन वर्षं लागली. प्रत्येक दिवा किती वेळ जळतो ते बघा आणि त्यानुसार एकेका दिव्याचा निर्णय घ्या. सगळ्या ट्रेलरचा एकदम नको.

आम्ही अ‍ॅरिझोनात, फिनिक्सच्या बाजूला राहतो. ओळखीतल्या दोन-तीन मराठी घरांनी अलीकडे जुने ट्रेलर घेतले आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच, की ते पिवळे, म्हणजे जुने फिलामेंटचे, बल्ब काढून एलईडी लावायचे का. (अलीकडचे बहुतेक ट्रेलर कारखान्यातूनच एलईडी घेऊन येतात. हा प्रश्न जुना ट्रेलर घेणाऱ्यांचा.) "लाव की, त्यात काय विचारायचंय" हे उत्तर सोपं आहे. पण मी पहिल्यांदा असाच न विचारता लावून बसलो आणि निम्मे पैसे वाया घालवले.

आधी बॅटरीचा हिशेब

ट्रेलरमधले दिवे घरातल्यासारखे भिंतीतल्या विजेवर चालत नाहीत. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेसचा (गॅसवर ट्रेलर गरम करणाऱ्या हीटरचा) पंखा, हे सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर. कॅम्पग्राउंडला वीज मिळाली तर कन्व्हर्टर त्या १२० व्होल्टचे बारा करतो आणि बॅटरीही भरत राहतो. वीज नसेल तर पुढच्या टोकाला, गॅसच्या टाक्यांमागे ठेवलेली ती एकटी बॅटरी सगळं ओढते.

बहुतेक ट्रेलरमध्ये असते तशी साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी, ग्रुप २४ आकाराची, साधारण ७५ ते ८० अँपिअर-तासांची (एक अँपिअर प्रवाह तासभर ओढला की एक अँपिअर-तास). तिला निम्म्याखाली उतरवलं तर आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हातात खरे ४० अँपिअर-तास.

आता दिवे. छतावरच्या चौकोनी दिव्यात सहसा ११४१ नंबरचे दोन बल्ब असतात. एक बल्ब १.४४ अँपिअर ओढतो, म्हणजे सुमारे १८ वॅट. आकडा क्षुल्लक वाटतो. आपल्याकडे देवघरात किंवा बाळाच्या खोलीत जो झिरोचा बल्ब रात्रभर जळायचा तोही नावालाच शून्य, प्रत्यक्षात दहा-पंधरा वॅट खाणारा. पण घरात मागे अख्खी वीज कंपनी उभी असते. इथे चार दिवे लावले की आठ बल्ब, साडेअकरा अँपिअर. चार तास जळले की ४६ अँपिअर-तास. झाली बॅटरी. दहा वाजता झोपायच्या वेळी फर्नेस चालू करायला गेलात, की आतून नुसता टिकटिक आवाज येतो आणि पंखा काही फिरत नाही.

हेच आठ बल्ब एलईडीचे असते तर? एक चांगला एलईडी बल्ब साधारण ०.२ अँपिअर घेतो. आठांचे १.६. चार तासांचे साडेसहाच्या आत.

चार-चार दिवे कोणी लावत नाही म्हणाल. खरं आहे. आमच्याकडे संध्याकाळी दोन दिवे पाचेक तास चालायचे. ते धरले तरी २९ अँपिअर-तासांच्या जागी ४.

एकच गाव, दोन कॅम्पग्राउंड

ग्रँड कॅनियनच्या दक्षिण काठावर माथेर म्हणून कॅम्पग्राउंड आहे. (नाव दिसायला जवळपास आपल्या माथेरानसारखं, त्यामुळे मुलांना ते लगेच पाठ झालं.) पाइनच्या झाडांत, जागा सुंदर, पण हुकअप नाही. वीज नाही, पाण्याची जोडणी नाही, आणि जनरेटर फक्त ठरलेल्या वेळात. त्याच गावात ट्रेलर व्हिलेज आहे. तिथे वीज, पाणी, सांडपाणी, सगळ्याची जोडणी जागेवरच.

ट्रेलर व्हिलेजमध्ये राहणाऱ्याला मी सांगेन, की पैसे वाचवायला एलईडी लावू नका, वाचणार नाहीत. चार दिवे चार तास जाळले तर कन्व्हर्टरमधली गळती धरूनही पाऊण युनिटच्या आत वीज लागते. घरच्या दराने बारा-तेरा सेंट. आणि ती वीज बहुतेक वेळा जागेच्या भाड्यातच आलेली असते. वर्षाला वीस रात्री बाहेर काढणाऱ्याचे अडीच डॉलर वाचतील. त्यात एक चहा येतो, तोही बाहेरचा नाही.

त्याच्यासाठी कारण असलंच तर उष्णतेचं. पिवळा बल्ब घेतलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवतो. आठ बल्ब म्हणजे दीडशे वॅटचा हिटर, डोक्यापासून दोन फुटांवर, जूनमध्ये, अ‍ॅरिझोनात. एसीला तो भार तसा जड नाही. पण टेबलाशी बसलेल्याच्या टाळूला जाणवतो. आणि मुलांच्या वरच्या बंकवर दिवा उशीपासून हातभर अंतरावर असतो. आमच्या धाकट्याने झोपेत पांघरूण वर ढकललं आणि ते दिव्याच्या झाकणाला टेकून राहिलं. काही झालं नाही, पण कापड हाताला लागलं ते चांगलंच गरम होतं. तो बल्ब मी दुसऱ्या दिवशी बदलला. त्याला हिशेबाची गरज नव्हती. तुमच्या ट्रेलरमध्ये बंक असेल, आणि तुम्ही कायम हुकअपवर राहणारे असाल, तरी हा एक दिवा बदलाच.

माथेरमध्ये राहणाऱ्याचं गणित उलटं आहे. तिथे प्रत्येक अँपिअर-तास सकाळपर्यंत पुरवायचा असतो. जागा सुमारे ७,००० फुटांवर, ऑक्टोबरच्या रात्री पाणी गोठायच्या आसपास थंडी. इथे एलईडी म्हणजे चैन नाही.

पण एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर मागाहून मला बोल लावाल. एलईडी लावले म्हणून बॅटरी आठवडाभर चालत नाही. आमच्या फर्नेसचा पंखा फिरताना सात अँपिअर ओढतो, क्लॅम्प मीटर लावून बघितलंय. थंडीच्या रात्री दहा तासांतले तीन-सव्वातीन तास जरी तो फिरला तरी २३ अँपिअर-तास गेले. दिव्यांतून वाचवलेलं बरंचसं फर्नेस खाऊन टाकते. फरक एवढाच, की आधी दिवे आणि फर्नेस मिळून पहिल्याच रात्री बॅटरी झोपायची, आता दुसऱ्या सकाळी चहा करताना पंप चालतो.

नुसता बल्ब बदलणं

बहुतेकांसाठी हाच मार्ग बरोबर आहे. दिवा तोच, झाकण तेच, आतला बल्ब तेवढा वेगळा. हत्यार लागत नाही, फार तर झाकण काढायला नखाची ताकद. आम्ही वीस बल्ब साधारण चाळीस डॉलरला घेतले. मात्र सगळ्यात जास्त चुकाही याच मार्गावर होतात.

पहिलं काम म्हणजे बल्ब काढून त्याचा नंबर वाचणं. धातूच्या बुडावर बारीक कोरलेला असतो, मोबाइलने फोटो काढून मोठा केला की दिसतो. नेहमी सापडणारे नंबर असे:

| नंबर | बैठक | ओढ |
|---|---|---|
| ११४१ | पिनचा, खाली एक ठिपका | १.४४ अँपिअर, सुमारे १८ वॅट |
| ११५६ | पिनचा, खाली एक ठिपका | २.१ अँपिअर, सुमारे २७ वॅट |
| ९२१ | नुसत्या काचेचं चपटं बूड, खोचायचा | १.४ अँपिअर, सुमारे १८ वॅट |
| ९०६ | तसाच खोचायचा | ०.६९ अँपिअर, सुमारे ९ वॅट |
| २११-२ | दोन्ही टोकांना धातूची टोपी, चॉकलेटसारखा | ०.९७ अँपिअर, सुमारे १२ वॅट |

पिनचा बल्ब म्हणजे आपल्या घरी असायचा तसाच, दाबून फिरवायचा, फक्त अंगठ्याएवढा. ११४१ आणि ११५६ एकाच होल्डरमध्ये बसतात, त्यामुळे आधीच्या मालकाने जास्त उजेडासाठी ११५६ लावलेले सापडतात. आमच्या टेबलावर तेच निघाले. अठरा वॅटच्या जागी सत्तावीसचे दोन. झाकणावरच्या डागांचा उलगडा तिथे झाला. खाली दोन ठिपके असलेला बल्ब मात्र वेगळ्या होल्डरचा. तो घाईत मागवला तर परत पाठवायचा उपद्व्याप.

एलईडी बल्बचे दोन घाट मिळतात. एक मक्याच्या कणसासारखा, चारी बाजूंनी दाणे. दुसरा म्हणजे चपटी पाटी, तिला तार आणि तारेच्या टोकाला वेगवेगळ्या बैठका, पाटी मागच्या चिकटपट्टीने दिव्यात डकवायची. ११४१ साधारण २६० ल्युमेन उजेड देतो, पण गोल चहूकडे. त्यातला निम्मा वर छताकडे जातो आणि परतताना थोडा हरवतो. पाटी सगळा उजेड खाली टाकते, म्हणून २०० ल्युमेनची पाटीही जुन्याइतकीच लख्ख वाटते. कणीस घेतलंत तर जरा जास्त ल्युमेनचं घ्या. पाटीचा दोष चिकटपट्टीत आहे. उन्हाळ्यात बंद ट्रेलर आतून भट्टी होतो. जुलैनंतर उघडला तेव्हा आमच्या दोन पाट्या तारेला लोंबत झाकणात पडल्या होत्या, वटवाघळासारख्या. आता मी चिकटपट्टीवर भरवसा ठेवत नाही, बारीक स्क्रू मारतो किंवा कणीसच घेतो.

आता व्होल्ट. नावाला बारा, पण बॅटरी उतरली की साडेअकरा, कन्व्हर्टर जोरात भरत असला की १४.४. पिवळा बल्ब हे मुकाट सोसतो, त्याच्या परीने. व्होल्ट उतरले की तो लालसर होतो, बाराऐवजी साडेअकरावर त्याचा उजेड जाणवण्याइतका कमी होतो. चढले की लख्ख होतो आणि लवकर मरतो. तो १२.८ व्होल्टसाठी बनवलेला, हुकअपवर त्याला मिळतात १३.६, आणि एवढ्याशा फरकाने त्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

स्वस्त एलईडी बल्बमध्ये प्रवाह आवरायला नुसता एक रेझिस्टर असतो. १४.४ व्होल्ट आले की त्यातून जास्त प्रवाह जातो, तो तापतो, आणि हजारो तास चालण्याचं वचन पहिल्याच मोसमात मोडतो. चांगल्यात छोटा ड्रायव्हर असतो, जो बाहेर काहीही चाललं तरी आतला प्रवाह स्थिर ठेवतो. ओळखायचं कसं? पाकिटावर "१० ते ३० व्होल्ट" असा पल्ला दिलेला बघा. "१२ व्होल्ट" एवढंच लिहिलं असेल तर खाली ठेवा. घेतल्यावरची परीक्षा आणखी सोपी आहे. दिवा लावा आणि नळ सोडा. पंप सुरू होताना व्होल्ट क्षणभर पडतात. बल्ब मिणमिणला तर आत रेझिस्टर, ढिम्म राहिला तर ड्रायव्हर.

माझ्या पहिल्या खेपेचे दहा बल्ब नळ सोडला की डोळे मिचकवायचे. त्यातले सहा दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत गेले.

त्याच खेपेची दुसरी चूक रंगाची. ६००० केल्विनचे, कूल व्हाइट म्हणतात ते, घेतले. दुकानात बघताना ते जास्त उजळ वाटतात. पहिल्या रात्री खिचडी केली होती, मुगाची, वर तुपाची धार. ताटात वाढली आणि सगळे क्षणभर ताटाकडे बघतच राहिलो. हळदीचा पिवळा कुठे गेला कळेना. राखाडी-हिरवट काहीतरी समोर होतं. बायको म्हणाली, "अरे, हे जेवण आहे की दवाखान्यातला डबा?" तुपाचासुद्धा रंग मेणासारखा. खिचडी तीच होती, चवही तीच, पण कोणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही.

२७०० ते ३००० केल्विन घ्या. हा जुन्या बल्बच्या उजेडाच्या जवळचा रंग. पाकिटावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) दिला असेल तर नव्वदच्या पुढचा घ्या, ऐंशी चालून जातो. ४००० केल्विन ओट्यावर एखादा ठीक, भाजी चिरताना बोट आणि मिरची वेगवेगळी दिसतात. पण झोपायच्या जागी नको. आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे "वॉर्म व्हाइट" एका दिव्यात लावू नका. एक जरा गुलाबी, एक जरा हिरवट असं होतं आणि ते रोज डोळ्यांत खुपतं.

नवा बल्ब बसवला आणि लागलाच नाही, तर तो खराब आहे असं धरून परत करू नका. पिवळ्या बल्बला धन-ऋण कळत नाही, एलईडीला कळतं. खोचायचा असेल तर काढून उलटा खोचा, लागेल. पिनचा उलटा बसत नाही, तिथे होल्डरच्या दोन तारा अदलाबदल कराव्या लागतात. आमच्या बंकवरच्या दिव्यात कारखान्यातच तारा उलट्या जोडलेल्या होत्या. इतकी वर्षं कोणाला पत्ता नव्हता, कारण कोणाला फरक पडत नव्हता. काही एलईडी दोन्ही दिशांनी चालतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. थोडे सेंट जास्त पडतात, पण वर हात करून होल्डर सोडवण्यापेक्षा ते परवडतात.

आणखी दोन खोड्या आहेत, त्या प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. ड्रायव्हरवाले स्वस्त बल्ब रेडिओत गुरगुरतात. छतावरच्या अँटेनावर टीव्ही बघत असाल तर चॅनेलही गायब होऊ शकतात. म्हणून आधी एकच बल्ब लावा, एखादं क्षीण एफएम स्टेशन धरा, आणि दिवा चालू-बंद करून कान द्या. दुसरी खोडी जुन्या कन्व्हर्टरची. गुणगुणणारा, जड ट्रान्सफॉर्मरवाला जुना कन्व्हर्टर सपाट डीसी देत नाही, त्यात लाटा असतात. फिलामेंट तापलेलं असल्याने त्या लाटा गिळून टाकतं, एलईडीत त्या लुकलुकीसारख्या दिसतात. बॅटरी जोडलेली असेल तर ती लाटा बऱ्याच शमवते. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरला की पट्टे सरकताना दिसतात. तसं झालं तर दोष बल्बचा नाही, आणि दुसरे बल्ब मागवून उपयोग नाही.

म्हणजे दहा घेण्याआधी एक घ्या. हे मी दहा घेऊन शिकलो.

अख्खा दिवा बदलणं

टेबलावरच्या दिव्यासाठी आम्हाला हेच करावं लागलं असतं, झाकणाला एक तडा जरी असता तर. डाग असले तरी ते शाबूत होतं, म्हणून ठेवलं. झाकण ठिसूळ होऊन तुटलं असेल, होल्डर गंजला किंवा वितळला असेल, खटका अडकत असेल, तर त्यात नवा बल्ब घालणं म्हणजे फाटक्या पिशवीत आंबे. तिथे नवा दिवा घ्या. साधारण पंधरा ते तीस डॉलरला एक पडतो, म्हणजे अख्ख्या ट्रेलरचे दीडशे-दोनशे कुठेच गेले नाहीत.

जमेची बाजू अशी, की उजेड जास्त सारखा पसरतो, दिवा पातळ असतो, उंच माणसाचं डोकं आपटत नाही. खर्चाची बाजू कोणी सांगत नाही ती ही, की त्यातले एलईडी बहुतेक वेळा कायमचे जडवलेले असतात. एक ओळ मेली की अख्खा दिवा फेका. बल्बवाल्या दिव्यात दोन डॉलरचा बल्ब बदलला की झालं.

आणि बसवताना छत लक्षात ठेवा. ट्रेलरचं छत म्हणजे पातळ प्लायवर कागद. जुन्या स्क्रूची भोकं नव्या दिव्याला जुळत नाहीत, नवीन स्क्रूला पकड मिळत नाही, आणि जुना दिवा मोठा असेल तर त्याच्या जागी छताचा मूळ पांढरा चौकोन उघडा पडतो, भिंतीवरचं कॅलेंडर काढल्यासारखा. म्हणून जुन्याच्या मापाचा किंवा थोडा मोठा घ्या. हात लावण्यापूर्वी हुकअप काढा आणि त्या वायरीचा फ्यूज उपसा. बारा व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक चालू तारेवर काम करतात, पण दोन तारा एकमेकींना टेकल्या की ठिणगी पडतेच.

खटक्याच्या जागी बोट लावायचं बटण असलेले नवे दिवे छान दिसतात. त्यातल्या काहींचं बटण दिवा बंद असतानाही थेंब थेंब प्रवाह पीत राहतं. महिनाभर पार्किंगमध्ये उभ्या ट्रेलरच्या बॅटरीला असे दहा दिवे महागात पडतात. मला साधा खटका बरा वाटतो, अंधारात बोटाला सापडतोही.

एलईडीच्या पट्ट्यांबद्दल थोडक्यात. कपाटात, बाहेर ताणायच्या कापडी छपराच्या कडेला, मस्त. मुख्य उजेड म्हणून नको, डोळ्यांवर येतात आणि चिकटपट्टीचं रडगाणं इथेही आहेच.

हात लावू नये असे दिवे

शेगडीवरच्या धुराड्यातला बल्ब मी पिवळाच ठेवला आहे. खालून गॅसची आच, फोडणीची वाफ, तेलाचा थर. एलईडीचा शत्रू नंबर एक उष्णताच, आणि तिथे लावलेला एलईडी आमच्याकडे चार महिने टिकला. त्यात तो दिवा दिवसाला दहा-पंधरा मिनिटं जळतो, त्यात वाचवायचं काय? बाथरूमचंही तेच. लावला तर लावा, पण आधी तिथे पैसे घालू नका.

मागचे लाल दिवे, ब्रेकचे, वळण दाखवायचे, कडेचे छोटे पिवळे, यांत नुसता एलईडी बल्ब घालायचा मोह टाळा. त्या दिव्याचा आरसा आणि काच फिलामेंटच्या ठरलेल्या जागेसाठी घडवलेली असते. दुसरा बल्ब घातला की मागच्या गाडीवाल्याला तो कुठून किती दिसेल याची खात्री राहत नाही. अमेरिकेत वाहनांच्या दिव्यांना एफएमव्हीएसएस १०८ हा संघीय नियम लागू आहे. बदलायचंच असेल तर काचेवर डीओटीची (अमेरिकी वाहतूक खात्याची) खूण असलेला पूर्ण बंदिस्त एलईडी दिवा घ्या. शिवाय ओढणाऱ्या काही गाड्यांना एवढा कमी प्रवाह बघून बल्ब गेल्यासारखं वाटतं आणि त्या डॅशबोर्डवर इशारे देत बसतात.

दाराबाहेरचा दिवा मात्र जरूर बदला, पण पांढरा नको, अंबर रंगाचा, मंद. किडे कमी येतात. आणि ग्रँड कॅनियन २०१९ पासून अधिकृत डार्क स्काय पार्क आहे. लोक तिथे आकाशगंगा बघायला मान वर करून उभे असताना शेजारच्या ट्रेलरचा पांढरा दिवा ढळढळत असला की कोणी काही बोलत नाही, पण सगळे बघतात. आमच्याकडेही बघितलं आहे.

त्याच पैशांत सोलर का नको?

हा प्रश्न हमखास येतो. अ‍ॅरिझोनाच्या उघड्या उन्हात १०० वॅटचं पॅनल दिवसाला २५ ते ३० अँपिअर-तास देतं. कंट्रोलर आणि वायरी धरून ते शंभर डॉलरच्या बरंच पुढे जातं. चाळीस डॉलरचे बल्ब रोज तेवढेच, २५ अँपिअर-तास, खर्चच होऊ देत नाहीत, ढगातही आणि माथेरच्या पाइनखालच्या सावलीतही, जिथे पॅनल अर्धा दिवस झोपलेलं असतं. फर्नेससाठी कधीतरी सोलर किंवा दुसरी बॅटरी लागेलच. पण क्रम बल्ब आधी असा आहे. उलट क्रमाने जाणारा एक मित्र आहे. त्याचं पॅनल दिवसभर गोळा करतं आणि संध्याकाळी टेबलावरचे चार पिवळे बल्ब ते पिऊन टाकतात.

तेव्हा तुम्ही कायम वीज असलेल्या जागी उतरत असाल, तर बंकवरचा आणि टेबलावरचा एवढेच बदला आणि बाकीचे जळून जातील तसतसे बदला. वर्षातून दोन-चार रात्री जरी विजेशिवाय काढणार असाल, तर आधी एक बल्ब आणा, पंप आणि रेडिओ दोन्ही परीक्षा घ्या, मग टेबल, ओटा, बंक आणि बिछान्यावरचे मिळून दहा-बारा आणा. ट्रेलर नुकताच घेतला असेल तर आधी झाकणं उघडून बघा. कुठला दिवा किती जळला ते आतल्या डागांवरून कळेल, मोजमाप करायची गरज नाही.

काढलेले पिवळे बल्ब मी टाकले नाहीत. त्यातले दोन ११४१ रुमालात गुंडाळून चमच्यांच्या खणात आहेत, कारण आडगावच्या हार्डवेअरच्या दुकानात एलईडी मिळेलच असं नाही. तिथे चमचा शोधताना ते हाताला लागतात आणि बायको दर वेळी विचारते, "हे अजून कशाला ठेवलेत?"